समुद्रावरचा कुरव, भीमेच्या पाण्यावर

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ही नावे ऐकली की कारखान्यांच्या रांगा आणि मालमोटारींची वर्दळ डोळ्यांपुढे येते. समुद्र येथून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर दूर, तोही सह्याद्रीच्या पलीकडे. मग समुद्रपक्ष्याचा या भागाशी काय संबंध? विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर नकाशावरील नद्यांत सापडते.

पवना नदी चिंचवड-पिंपरीतून वाहत दापोडीजवळ मुळेला मिळते आणि मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेत जाते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. चाकणच्या उत्तरेकडून वाहणारी भामा हीसुद्धा भीमेचीच उपनदी. हे सारे पाणी अखेर उजनीच्या जलाशयात साठते. हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भिगवणच्या आसपास उथळ पाण्याचा विस्तीर्ण पट्टा तयार झाला. तेथे दर हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांमध्ये कुरवही असतात. कुरव म्हणजेच ज्याला आपण ‘सीगल’ म्हणतो तो पक्षी.

आपल्याकडे येणाऱ्या कुरवांपैकी एक म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. आकाराने तो कावळ्याएवढा. पोट पांढरे, पाठ करडी, चोच व पाय लाल आणि बोटांमध्ये पोहण्यासाठी पडदा. पंखांची टोके काळी असून त्यांवर पांढरे ठिपके असतात. नाव तपकिरी डोक्याचा असले तरी हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे दिसते, डोळ्यामागे फक्त एक गडद डाग राहतो. विणीचा हंगाम जवळ आला की डोक्यावर कॉफीच्या रंगाची पिसे येतात. त्याचा भाऊबंद, काळ्या डोक्याचा कुरव, याच काळात येतो. प्रौढ पक्ष्यांत दोघांना ओळखण्याची सोपी खूण म्हणजे डोळा. तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळे फिकट असतात, तर काळ्या डोक्याच्या कुरवाची गडद.

आश्चर्य म्हणजे, हा ‘समुद्रपक्षी’ अंडी घालायला समुद्रावर जातच नाही! लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी त्याची वीण होते. लडाखमधील त्सो मोरिरी हे सरोवर ४,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहे. तेथे कुरव वसाहतीने राहून जमिनीवर घरटी करतात. हिवाळ्यात ही सरोवरे गोठू लागली की अन्न मिळेनासे होते. मग कुरव दक्षिणेकडे येतात. बहुतेक किनाऱ्यावर राहतात, तर काही गोड्या पाण्यावर मुक्काम करतात.

खारे आणि गोडे अशी दोन्ही पाणी त्याला कशी चालतात? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढे क्षार शरीराबाहेर टाकणे पक्ष्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. कुरवाच्या डोळ्यांच्या वर क्षारग्रंथींची एक जोडी असते. रक्तातील जादा मीठ या ग्रंथी गाळून काढतात. समुद्राच्या पाण्याहूनही खारट असा हा द्रव नाकपुड्यांतून येऊन चोचीवरून ठिबकतो. पक्षी गोड्या पाण्यावर राहू लागला की ग्रंथींचे काम कमी होते आणि त्या आकाराने लहान होतात.

खाण्याच्या बाबतीत कुरव मुळीच चोखंदळ नाही. मासे, कोळंबी, किडे, मेलेले प्राणी, मासेमारीतून उरलेला टाकाऊ भाग, त्याला सारे चालते. याउलट त्याचाच नातलग नदी सुरय मुख्यतः मासे खातो. तो हवेतून पाण्यात सूर मारतो आणि मासा उचलतो. कुरवाला असा सूर फारसा जमत नाही. तो पृष्ठभागावरचे वेचतो, आणि संधी मिळाल्यास दुसऱ्याच्या तोंडचा घासही पळवतो.

येथेच आपल्या कारखान्यांचा आणि घरांचा प्रश्न येतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. माशांच्या बहुतेक जातींना त्यांपैकी ४ ते ५ मिलिग्रॅम तरी लागतो. नदीत सांडपाणी सोडले की त्यातील घाण कुजवणारे जीवाणू प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. कमी प्राणवायूत तग धरणाऱ्या चिलापीसारख्या मोजक्या जाती तेवढ्या टिकतात. आळंदीला इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत दिसलेला पांढरा फेस हीही धोक्याचीच खूण आहे. साबणासारखी द्रव्ये पिसांवरील तेलकट थर धुऊन टाकतात. मग पिसे भिजतात आणि पक्ष्याला थंडी बाधते.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. एखाद्या पाण्यावर कुरवांचे थवे दिसले म्हणजे ते पाणी स्वच्छ आहे, असे समजू नये, कारण कुरव घाणीवरही भागवून घेतो. सुरयाचे तसे नाही. पाण्यात मासे असले तरच तो तेथे टिकतो.

हिवाळ्यात शिक्षकांबरोबर भिगवणला गेलात तर कुरव आणि सुरय वेगवेगळे मोजा, तारीख लिहा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या पुलावरूनही असेच निरीक्षण करता येईल. मात्र पक्ष्यांना शेव-गाठी टाकू नका. तळलेले, खारट खाणे हे त्यांचे अन्न नव्हे. वसंतात हाच कुरव लडाखपर्यंतचा प्रवास करणार असतो, आणि त्यासाठी लागणारी चरबी त्याला आपल्या नद्यांच्या पाण्यातूनच मिळवायची असते.