रबरी नळीचे गळके सांधे

पावसाळा सरून तुळशीचे लग्न आटोपले की पेडणे व डिचोली तालुक्यांतील अंगणांत रबरी नळ्या बाहेर निघू लागतात. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्याकडील गावांत मिरचीचे व भाजीचे मळे उभे राहतात. मये, नार्वे, कुडणे या बाजूस कुळागरांतील पोफळींना व केळींना शिंपणे सुरू होते. आणि जेथे मळाही नाही व कुळागरही नाही, तेथे निदान वृंदावनाभोवतालची चार अबोलीची रोपे तरी असतातच. या सर्वांना पाणी पोहोचविणारी नळी बहुतेक घरी एकच असते आणि नळाशी होणारा तिचा सांधा बहुधा गळका असतो. त्यावर चिंधी गुंडाळलेली असते, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली असते. या उपायांस हसण्याचे कारण नाही. वेळ निभावून नेण्यास ते पुरेसे असतात. परंतु निभावलेली वेळ हीच पुढे रीत होऊन बसते, आणि मेपर्यंत नळाखाली चिखल व त्यावर डास असे चित्र कायम राहते.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून समुद्रास मिळतो. उरलेले आठ महिने विहिरी, झरी, बंधारे व धरणे यांवर काढावयाचे असतात. या दोन्ही तालुक्यांना ज्या तिळारी प्रकल्पाचा मोठा आधार आहे, तो महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प असून त्याचे धरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आहे. कालव्यास भगदाड पडल्यामुळे पाणी बंद राहिल्याचे प्रसंग मागील काही वर्षांत घडले आहेत, आणि त्या दिवसांत घागरभर पाण्याचे मोल काय असते हे येथील ग्रामस्थांस निराळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले गोवा हे देशातील पहिले राज्य ठरले. नळ घरोघर पोहोचला ही गोष्ट मोठीच आहे. परंतु त्या नळातून येणारे पाणी डोंगर, कालवा, शुद्धीकरण प्रकल्प, पंप व टाकी एवढा प्रवास करून आलेले असते, आणि ते सांडते ते शेवटच्या वीतभर अंतरात.

गळती किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नये, मोजावे. सांध्याखाली एक लिटरची बाटली धरावी व घड्याळ पाहावे. ती दहा मिनिटांत भरली तर गळती तासाला सहा लिटर झाली. नळ दिवसातून दोनच तास सुरू राहत असेल तर बारा लिटर पाणी गेले. फारसे नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु अनेक घरी नळीच्या टोकास दाबावयाची तोटी बसविलेली असते आणि काम झाले की तोटी तेवढी बंद करून मूळ नळ तसाच उघडा ठेवला जातो. नळास अहोरात्र पाणी असेल किंवा नळी छतावरील टाकीस जोडलेली असेल, तर हीच गळती चोवीस तासांत १४४ लिटरांवर जाते. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. म्हणजे अडीच माणसांहून अधिक जणांचे पाणी अंगणात मुरले. महिन्याचा हिशेब केला तर सव्वाचार घनमीटरांहून अधिक होतो. २०२१ मध्ये राज्य शासनाने दरमहा १६ घनमीटरपर्यंत मोफत पाण्याची योजना सुरू केली, त्या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याहून हे पाणी जास्त आहे. शिक्षकांनी पाचवी-सहावीच्या मुलांकडून हे गणित शाळेच्या नळावर प्रत्यक्ष करवून घेतल्यास ते पाठ्यपुस्तकातील हौदाच्या उदाहरणापेक्षा अधिक लक्षात राहील. सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळाचाही हिशेब मुलांना द्यावा: दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांहून थोडे अधिक पाणी.

आता दुरुस्तीकडे वळू. प्रथम पाणी नेमके कोठून येते ते शोधावे. वरून गळलेले पाणी ओघळून खाली थेंबते आणि आपण खालचाच सांधा आवळीत बसतो. सांधा फडक्याने कोरडा करावा, त्याभोवती वर्तमानपत्राचा कपटा गुंडाळावा व नळ हळूच उघडावा. कागद जेथे प्रथम भिजेल तेथे दोष आहे.

नळी नळाच्या तोंडास आट्यांच्या फिरत्या टोपणाने जोडलेली असेल, तर त्या टोपणाच्या आत रबराचा एक वायसर बसविलेला असतो. पाणी अडविण्याचे काम हा वायसर करतो, आटे करीत नाहीत; आटे केवळ त्यास दाबून धरतात. ही एक गोष्ट ध्यानात आली की निम्मी दुरुस्ती झाली असे समजावे. कारण आपल्याकडे गळती दिसताच आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची प्रथा पडली आहे, आणि वायसर वाळून चिरला असेल किंवा मुळात जागेवरच नसेल तर टेपचे पुडके संपवूनही गळती थांबत नाही. टोपण सोडवून आतील वायसर काढावा. तो कडक झाला असेल, त्यावर खोल वळ उमटला असेल किंवा कड तुटली असेल तर नवा घालावा. तो चांगला असेल तर केवळ धुऊन, बसण्याची जागा पुसून परत बसवावा. ओहोळाचे पाणी पंपाने उचलणाऱ्या कुळागरांत वाळूचा एखादा बारीक कणही तेथे अडकून गळती करतो. टोपण हातानेच आवळावे. पान्हा लावून जोर केल्यास वायसर चेपून बाहेर येतो आणि प्लॅस्टिकचे टोपण तडकते.

टेपचे खरे स्थान दुसरीकडे आहे. लोखंडी नळास जेथे कॉक किंवा निपल कायमचे बसवावयाचे असते, तेथे निमुळते आटेच पाणी अडवितात व त्यांना टेपचे साहाय्य लागते. पहिला आटा मोकळा सोडून, ज्या दिशेने आवळावयाचे त्याच दिशेने चार-पाच वेढे ताणून द्यावेत. उलटे दिलेले वेढे आवळताना सुटून गोळा होतात. पूर्वी या कामी तागाचे धागे व सफेदा वापरीत आणि जुने कारागीर आजही त्यावरच भरवसा ठेवतात. मात्र शिसे असलेला सफेदा पिण्याच्या पाण्याच्या नळास लावू नये.

नळी जेथे निपलावर चढविलेली असते, तेथील गळती वेगळी. नळीचे टोक उन्हाने व ओढाताणीने सैल होऊन फाटते. असे टोक दोन-तीन इंच सरळ कापून टाकावे, मिनिटभर कढत पाण्यात धरावे आणि मऊ असतानाच निपलावर शेवटपर्यंत चढवावे. त्यावर पेचाची क्लिप अगदी कडेला न बसविता थोडी आत बसवून आवळावी. तारेने बांधू नये. तार नळीस कापते व पुढील गळती तेथूनच सुरू होते. किनाऱ्याकडील खाऱ्या हवेत साधी लोखंडी क्लिप लवकर गंजते, म्हणून तेथे स्टेनलेस स्टीलची घ्यावी. ती थोडी महाग पडते. अर्धा इंची निपलावर पाऊण इंची नळी चढवून क्लिपने भागविण्याचा खटाटोप सहसा यशस्वी होत नाही. नळीच्या मध्येच भोक पडले असेल तर चिकटपट्टी फार काळ टिकत नाही. तेवढा भाग कापून टाकून मध्ये जोड-निपल व दोन्ही बाजूंस क्लिपा घालाव्यात.

दाबाचाही विचार हवा. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीस चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब येतो. घरावरील टाकी नळापासून पाच मीटर उंच असेल तर दाब अर्धा किलोच असतो, आणि चांगला वायसर तो सहज झेलतो. पंपाचे तसे नाही. पंप चालू असताना नळीचे टोक बंद केले तर तिच्यातील दाब त्या पंपाच्या कमाल मर्यादेपर्यंत चढतो आणि सर्वांत दुबळा सांधा निसटतो. म्हणून टोकाची तोटी नव्हे, मूळ नळ किंवा पंपच बंद करण्याची सवय लावावी.

येथवर पाणी वाया जाण्याचे झाले. त्याहून गंभीर गोष्ट आरोग्याची आहे, आणि तिच्याकडे सुशिक्षितांचेही लक्ष नसते. अनेक वाड्यांवर पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा बंद झाला आणि उताराखालच्या घरांत नळ उघडा राहिला, की वरच्या घरांतील नळांत पाणी येण्याऐवजी आत ओढ लागते. अशा वेळी नळीचे टोक गुरे धुण्याच्या पिंपात किंवा औषध कालविलेल्या बादलीत बुडालेले असेल, तर ते पाणी नळीवाटे जलवाहिनीत शिरू शकते व दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पोहोचते. चिखलात बुडालेला गळका सांधाही तेच करतो. ज्या फटीतून पाणी बाहेर येते, त्याच फटीतून ते आत जाते. जुलाब व कावीळ यांच्या साथींमागे दूषित पाणी असते हे आपण सर्व जाणतो, परंतु त्याचा उगम आपल्या अंगणातील पिंपात असू शकेल असे आपल्या मनात येत नाही. यास्तव नळीचे टोक पाण्यात कधीही बुडवू नये, पाण्याच्या पातळीपासून वीतभर वर धरावे, आणि काम होताच नळी नळापासून सोडवून ठेवावी. शाळा व आरोग्य केंद्रे यांच्या आवारातील बागेच्या नळांस पाणी उलट न जाऊ देणारी झडप बसविल्यास अधिक बरे; संबंधित अधिकाऱ्यांनी हे आवर्जून पाहावे.

सोडवलेल्या नळीतील पाणी काढून ती सावलीत, रुंद वेटोळे करून ठेवावी. खिळ्यास टांगलेली नळी त्याच जागी मोडते. मीटरच्या अलीकडची, म्हणजे रस्त्याकडील वाहिनी गळत असेल तर तिला स्वतः हात न लावता पाणीपुरवठा कार्यालयास कळवावे. मीटरपुढील दुरुस्ती ग्राहकाची.

राहिला प्रश्न वायसराचा. तो दिसावयास सारखा असला तरी मापांत सूतभर फरक असतो, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास जाताना जुना वायसर नमुना म्हणून खिशात ठेवावा. आणताना एकाऐवजी पाच-सहा आणावेत आणि दोऱ्यात ओवून नळाजवळच्या खुंटीस अडकवावेत.