क्रेडिट कार्डची लिमिट वाढवायचीय? आधी बिलाची तारीख बघा



ट्रेनिंगच्या जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, "सर, कार्ड तर मिळालं, पण लिमिट फक्त चाळीस हजार. एवढ्यात माल कसा भरायचा?" प्रश्न रास्त आहे. दिवाळीच्या तोंडावर फराळाचा धंदा करणाऱ्याला बेसन, तेल, तूप, साखर एका दमात उचलावं लागतं आणि गिऱ्हाइकाचे पैसे हातात येतात नंतर. मधले चाळीस-पन्नास दिवस कार्डावर निघाले, तर व्याजाने पैसे आणायची वेळ टळते. म्हणजे लिमिट वाढवणं कामाचं आहेच. पण ती नुसती मागून वाढत नाही. तुम्ही कार्ड कसं वापरता, ते आधी बँकेला दिसावं लागतं.

कार्डावर दोन तारखा असतात. एक बिल बनण्याची आणि दुसरी पैसे भरण्याची शेवटची. बऱ्याच जणांना दुसरीच माहीत असते. समजा, तुमचं बिल दर महिन्याच्या १८ तारखेला बनतं आणि पैसे भरायला २० दिवस मिळतात. आता १९ मार्चला माल घेतला, तर तो १८ एप्रिलच्या बिलात येणार आणि पैसे ८ मेपर्यंत भरायचे. झाले ५० दिवस, बिनव्याजी! तोच माल १७ एप्रिलला घेतला तर? पैसे ८ मेलाच भरायचे, म्हणजे हातात फक्त २१ दिवस. माल तोच, दुकानदार तोच, भाव तोच. खरेदी दोन दिवस पुढे ढकलली असती, तर महिनाभर जास्त मिळाला असता. तुमच्या धंद्यात वसुली महिन्याच्या ठरावीक दिवसांत होत असेल, तर बिलाची तारीख बदलून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ही सोय बँकेला किमान एकदा तरी द्यावीच लागते.

आता लिमिटकडे येऊ. चाळीस हजारांच्या कार्डावर ३४ हजार वापरले, म्हणजे ८५ टक्के वापर झाला. तुम्ही एक रुपया थकवलेला नसला, तरी बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस ओढाताणीत आहे. सिबिलसारख्या संस्थांकडे तोच आकडा जातो आणि ३०० ते ९०० मधला तुमचा स्कोअर दबतो. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असं सगळे सांगतात. हा काही कायदा नाही, पण अंदाज म्हणून ठीक आहे.

मग कार्ड वापरायचंच नाही का? तसं केलंत तर लिमिट वाढवायला बँकेला कारणच उरणार नाही. वापरा, पण बिल बनायच्या आधी थोडी रक्कम भरून टाका. ३४ हजारांपैकी २४ हजार १५-१६ तारखेलाच भरले, तर बिल येईल १० हजारांचं, म्हणजे २५ टक्के. बँकेला दिसतं की कार्डावर ३४ हजारांची उलाढाल झाली. बिलात बाकी दिसते थोडीच. दोन्ही बाजूंनी तुमचं चित्र चांगलं.

यात एक गोम आहे, ती कोणी सांगत नाही. आधी भरलेल्या पैशांवरचे बिनव्याजी दिवस तुम्ही घालवता. त्यामुळे हे वर्षभर करू नका. लिमिट वाढवून मागायचीय किंवा मुद्रा कर्जासाठी बँकेत जायचंय, त्याच्या आधीचे चार-पाच महिने करा. सीझनमध्ये मात्र पूर्ण ५० दिवस वापरा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरा दिवसांनी कळवावी लागते, त्यामुळे सुधारणा दिसायला पूर्वीएवढा वेळ लागत नाही.

सहा महिने ते वर्षभर असं नीट वापरलं की अर्ज करा. सोबत नवीन आयटीआर द्या. कार्ड काढताना तुमचं उत्पन्न तीन लाख होतं आणि आता पाच लाख आहे, हे बँकेला आपोआप कळत नाही. आणि एकदम चार बँकांत नव्या कार्डांचे अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

'मिनिमम ड्यू' हा शब्द फार गोड दिसतो. ४० हजारांच्या बिलावर २ हजार भरा, बस! पण उरलेल्या ३८ हजारांवर महिना साडेतीन टक्के धरले तरी १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,५७० रुपये. तुमचं मार्जिन १० टक्के असेल, तर नुसतं हे व्याज फेडायला १५,७०० रुपयांचा माल विकावा लागेल. वर बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर व्याज पहिल्या दिवसापासून चालू. आणि ओळखीच्या दुकानात कार्ड घासून रोख घेणारे महाभाग असतात ना, त्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. बँकेला संशय आला तर कार्ड बंद होतं.

घरखर्च आणि धंदा एकाच कार्डावर चालवू नका, हिशेबाचा पार विचका होतो. धंद्यासाठी वेगळं कार्ड ठेवा. शक्य असेल तर बँकेचं बिझनेस कार्डच घ्या, कारण साध्या कार्डाच्या अटींमध्ये बऱ्याचदा फक्त वैयक्तिक वापर लिहिलेला असतो. ज्यांना कार्डच मिळत नाहीये, त्यांनी एफडीवर मिळणाऱ्या कार्डापासून सुरुवात करावी. स्कोअर तिथेही तयार होतो.

आणि हो, "तुमची लिमिट वाढवून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही, हे खरं. पण ती संमती बँकेच्या अॅपमध्ये स्वतः जाऊन द्यायची असते, फोनवरच्या अनोळखी माणसाला ओटीपी सांगून नाही.