काटा अडतो तेव्हा

वजन उतरवायचे ठरवले, की पहिला आठवडा मोठ्या उमेदीचा जातो. काटा भराभर खाली येतो आणि माणूस हरखतो. पण त्यात चरबी थोडी, पाणीच पुष्कळ! यकृतात व स्नायूंत साठलेली साखर खर्च होते आणि तिने धरून ठेवलेले पाणीही तिच्याबरोबर जाते. पुढे काटा रेंगाळतो. शरीर हलके झाले, की त्याचा रोजचा खर्चही घटतो. नेमका इथेच पुष्कळांचा निश्चय ढळतो.

अमेरिकेत १९९४ साली दोन संशोधकांनी एक नोंदवही सुरू केली. किमान ३० पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर राखलेल्यांनाच तीत स्थान. त्यांच्या सवयींत चमत्कार काहीच आढळला नाही. बहुतेकांचा रोज तासाभराचा व्यायाम, त्यातही चालणेच अधिक, सकाळची न्याहारी, आणि आठवड्यातून एकदा तरी वजन पाहणे.

तेव्हा तीस-चाळीस किलोंचा डोंगर रोज डोळ्यांपुढे कशाला आणावा? आज चाललो का, एवढीच खूण कॅलेंडरवर करावी. काटा आपल्या हातात नाही, पाऊल आहे. फराळाच्या ताटावर चार करंज्या जास्त गेल्या, तर जाऊ द्या. उद्याची फेरी मात्र चुकवू नका!