पाणी चढवणाऱ्या पेशी

स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या दगडी कुंपणांत १९१२ साली विल्यम मॅकी यांना काही वेगळेच दगड सापडले. मॅकी पेशाने डॉक्टर, पण नाद भूगर्भशास्त्राचा. त्या दगडांचे प्रकाश आरपार जाईल इतके पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर आत वनस्पतींच्या पेशी जशाच्या तशा! सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे उष्ण पाण्याचे झरे होते. त्यांतली सिलिका झाडांच्या पेशीपेशीत मुरली आणि कुजण्याआधीच त्यांचा दगड झाला.

यांतल्या बहुतेक झाडांना पानं नव्हती, मुळं नव्हती. जेमतेम वीतभर उंचीच्या, दोन-दोन फाटे फुटलेल्या हिरव्या काड्या आणि टोकाला बीजाणूंच्या पिशव्या, एवढंच. त्यांतल्या दोन जाती सुरुवातीला एकाच ‘ऱ्हायनिया’ प्रजातीत घातल्या गेल्या. पुढे त्यांच्या जलवाहक पेशी बारकाईने पाहिल्यावर फरक कळला. एकीच्या पेशींच्या भिंतींना आतून जाड वेटोळी होती, दुसरीच्या साध्याच. म्हणून १९८६ साली दुसरीला ‘अ‍ॅग्लाओफायटन’ हे वेगळं नाव मिळालं.

वेटोळ्यांचं एवढं काय? शहाळ्यातली कागदी नळी जोरात ओढली की चपटी होते. खोडातलं पाणी वरून ओढलं जातं तेव्हा पेशींवरही असाच ताण येतो. भिंतीला आतून आधार असेल तर ती टिकते. पुढे हाच आधार वाढत गेला आणि त्यातून लाकूड घडलं. अ‍ॅग्लाओफायटन मात्र पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावरच उभी राहायची. सुकू नये म्हणून अंगावर मेणचट आवरण होतं, हवेसाठी रंध्रं होती. नव्हती ती पक्की जलवाहिनी. मला या दगडांतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. जमिनीवर जगण्याचा सरंजाम एकदम आला नाही, एकेक करून जमत गेला.

मग मुळांवाचून क्षार कुठून मिळत? अ‍ॅग्लाओफायटनच्या पेशींत बुरशीचे झुडपासारखे फाटे दिसले, १९९४ साली. आजही बहुतेक झाडांच्या मुळांत अशीच बुरशी नांदते आणि झाडाला क्षार पुरवते. म्हणजे ही भागीदारी मुळांहून जुनी!

याच दगडांतल्या ‘अ‍ॅस्टरोझायलॉन’ या शेजारच्या वनस्पतीला मात्र जमिनीत शिरणाऱ्या फांद्या होत्या. पण आजच्या मुळांच्या टोकाला असते ती टोपी त्यांना नव्हती, हे २०१८ साली दिसलं. ही वनस्पती मुद्गलांच्या (क्लब मॉस) कुळातली. त्यामुळे या कुळाला आणि बीजधारी झाडांना मुळांची टोपी स्वतंत्रपणे मिळाली असावी, असं संशोधक मानतात.