डाग आला कुठून? गळाची काठी, एपॉक्सी आणि आपल्या पालकांचं पेंट शॉप



चकचकीत वस्तूवर डाग दिसला की आपला पहिला विचार ठरलेला असतो, वरून अजून एक हात मारू. भिंत असो, लोखंडी कपाट असो की वहीतलं चित्र. आजचा पाठ या सवयीबद्दल आहे. उदाहरण मात्र जरा वेगळं घेतलं आहे, हाताने बांधलेली गळाची काठी, म्हणजे फिशिंग रॉड.

हे उदाहरण मला एका पालकांकडून मिळालं. ते चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला आहेत आणि सुट्टीच्या दिवशी घरी हौशी लोकांसाठी रॉड बांधून देतात. "बाबा काय काम करतात?" असं वर्गात विचारल्यावर त्यांच्या मुलाने सांगितलं होतं, "काही नाही, डाग बघतात." वर्ग हसला. आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात शेकडो घरांतली माणसं हेच काम करतात आणि त्यांच्या मुलांना ते "काही नाही" वाटतं, हे मला खटकलं. म्हणून त्या पालकांना मी एका तासासाठी वर्गात बोलावलं. त्यांनी आणलेल्या रॉडवर मुद्दाम न दुरुस्त केलेले डाग होते.

आधी रॉडची रचना समजून घेऊ. मूळ दांडा काचतंतू किंवा कार्बनतंतूचा असतो, त्याला ब्लँक म्हणतात. दोरी ज्यातून जाते त्या छोट्या कड्या म्हणजे गाइड. गाइडचे पाय ब्लँकवर ठेवून त्यावर नायलॉनचा बारीक दोरा एकाला एक चिकटवून गुंडाळतात. त्या दोऱ्यावर पारदर्शक एपॉक्सीचा थर देतात. हा थर दिसायला काचेसारखा असला तरी तो नुसता शोभेचा नाही. दोरा जागेवर धरून ठेवणं आणि पाणी आत जाऊ न देणं हे त्याचं खरं काम. मासा ओढायला लागतो तेव्हा सगळा ताण गाइडवर येतो, आणि गाइड धरून ठेवलेली असते ती याच दोऱ्याने.

आता डागांकडे येऊ. सगळ्यात मजेशीर डाग म्हणजे 'फिश आय', माशाचा डोळा. हे नाव मासेमारीवरून आलेलं नाही, रंगकामातलंच आहे. चाकणच्या पेंट शॉपमध्ये रोज कानावर पडणारा शब्द. ओला थर पसरत असताना एखाद्या ठिकाणाहून तो मागे सरकतो आणि मध्ये गोल खड्डा उरतो. खड्ड्यात खालचा पृष्ठभाग उघडा दिसतो.

याचं कारण पृष्ठताण. द्रवाच्या पृष्ठभागावरचे कण एकमेकांना ओढून धरतात. ही ओढ प्रत्येक द्रवाची वेगळी. पाण्याची साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तर सिलिकॉन तेलाची जेमतेम २१ च्या आसपास. रंगाच्या थराखाली सिलिकॉनचा किंवा तेलाचा सूक्ष्म ठिपका असेल तर तिथली ओढ कमी पडते, आजूबाजूचा जास्त ओढीचा द्रव स्वतःकडे खेचून घेतो आणि मध्ये खड्डा पडतो. ठिपका डोळ्यांना दिसतही नाही. गाडीचा डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, केसांचं सीरम, काही हँडक्रीम, यांत सिलिकॉन असतं. म्हणून पेंट शॉपमध्ये जाणाऱ्यांना अशा वस्तू लावून यायला मनाई असते. "मॅडम, आम्ही सकाळी केसाला काय लावतो तेही कंपनी ठरवते," असं ते पालक म्हणाले, तेव्हा मुलं पुन्हा हसली. पण या वेळचं हसू वेगळं होतं.

वर्गात हे दाखवायला फार काही लागत नाही. पसरट ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा, बोटाला भांड्याच्या साबणाचा थेंब लावून मधोमध टेकवा. मिरपूड झटकन कडेला पळते, कारण साबणाने मधली ओढ कमी केली. हाच तो माशाचा डोळा, फक्त पाण्यातला.

आता सवयीचा प्रश्न. ओल्या फिश आयवर अजून एपॉक्सी लावलं तर? ते पुन्हा मागे सरकतं. दोनदा लावा, दोनदा सरकेल. कारण खालचा ठिपका तिथेच आहे. म्हणून थर पूर्ण कडक होऊ द्यायचा, मग ती जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची. पुसणं आधी, घासणं नंतर. उलट केलं तर तेल घासून सगळीकडे पसरतं. मग ६०० ते ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने चमक जाईपर्यंत फिरवायचा, धुवायचं, वाळवायचं, स्वच्छ टिश्यूने पुन्हा अल्कोहोल फिरवायचं आणि त्यानंतर बोट न लावता पातळ थर द्यायचा. बोटालाही तेल असतंच की.

घासल्यावर ती जागा पांढरी, धुरकट होते. नवखा माणूस इथे घाबरतो. मुलांसाठी मात्र हा सोन्यासारखा क्षण आहे. जुनी पारदर्शक पट्टी घ्या, बारीक पॉलिश पेपरने घासा, ती पांढरी होईल. आता तिच्यावर खोबरेल तेलाचा थेंब पसरा. पट्टीतून पुन्हा आरपार दिसायला लागतं! ओरखड्यांमुळे प्रकाश वेडावाकडा विखुरत होता. तेलाने ओरखडे भरले, आणि प्लास्टिकमधून तेलात जाताना प्रकाश फारसा वाकत नाही, म्हणून विखुरणं थांबलं. रॉडवरचा नवा थर हेच करतो, फक्त कायमचं.

दुसरा डाग म्हणजे चिकटपणा. चार दिवस झाले तरी थर बोटाला लागतो. घरचे म्हणतात उन्हात ठेवा, वाळेल. पण एपॉक्सी वाळत नाही, ते घडतं. ऑइल पेंटमधला पातळ करणारा द्रव उडून जातो तसं इथे काही उडायचं नसतं. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक जोडी जुळते आणि साखळ्या तयार होतात. अराल्डाइटच्या दोन ट्यूब आठवा. मुलांना मैदानात लाल आणि निळ्या रिबिनी बांधून 'लालने निळ्याचाच हात धरायचा' असा खेळ घ्या. निळे कमी पडले की काही लाल मोकळे फिरत राहतात. तो मोकळा फिरणारा भाग म्हणजे चिकटपणा. हार्डनर जास्त घातलं की लवकर होईल, हाही गैरसमजच. मग निळे मोकळे राहतात. म्हणून बाटलीवर लिहिलेलं प्रमाण इंजेक्शनच्या सिरिंजने मोजायचं, प्रत्येक बाटलीची सिरिंज वेगळी, आणि भांड्याच्या कडा खरवडत दोनेक मिनिटं सावकाश ढवळायचं. नुसता थोडासा चिकट थर असेल तर त्यावर नीट मोजलेला पातळ थर देऊन बहुतेक वेळा काम भागतं. ओलाच राहिला असेल तर दोरा सोडून नव्याने गुंडाळण्याला पर्याय नाही.

पावसाळ्यात अजून एक भानगड होते. काही हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि वर मेणचट साय येते. लोक त्यावर थिनर मारतात. खरं तर ती साय पाण्यात विरघळणारी असते, कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने निघते. फक्त ती काढल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नये.

बुडबुडे, धूळकण आणि ओघळ यांच्याबद्दल थोडक्यात. डिसेंबरच्या सकाळी एपॉक्सी घट्ट असतं, ढवळताना शिरलेली हवा आत अडकते. बंद बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या की ते पातळ होतं आणि बुडबुडे वर येतात. मिसळलेलं द्रावण फॉइलच्या पसरट ताटलीत ओतलं तर अजून सोपं. हेअर ड्रायर नको, तो धूळ आणून बसवतो. ओघळ येऊ नये म्हणून थर घट्ट होईपर्यंत रॉड सावकाश फिरत राहावा लागतो. आमच्या पालकांनी त्यासाठी काय वापरलं असेल? गणपतीच्या मूर्तीमागे फिरणाऱ्या चक्राची मोटर! मला हे फार आवडलं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. कुठला डाग काढायचा आणि कुठला नाही? गुळगुळीत थरावरचा एखादा धूळकण दिसायला वाईट, पण रॉडला त्याने काही होत नाही. उलट तो घासायच्या नादात पेपर दोऱ्यापर्यंत गेला तर दोऱ्याचे तंतू तुटतात, आणि ते वरून दिसत नाही. दिसतं ते गाइड सुटल्यावर. याउलट गाइडच्या पायाच्या टोकाशी, जिथे दोरा ब्लँकवर उतरतो, तिथे राहिलेलं बारीक भोक चटकन कोणाच्या नजरेत येत नाही. पण तिथून पाणी शिरतं, पाय गंजतो. ते भोक टूथपिकच्या टोकाने पातळ एपॉक्सी सोडून बुजवायलाच हवं.

गाडीच्या बाबतीतही हेच गणित आहे. सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन. म्हणजे पॉलिश करणाऱ्या माणसाच्या हाताखाली केसापेक्षाही पातळ पडदा असतो, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. धूळकण काढताना त्यातले मोजके मायक्रॉनच खर्च करता येतात. जास्त घासलं तर आज गाडी चकाकेल आणि काही वर्षांनी तिथेच रंग उडेल. "डाग बघणं" म्हणजे हा निर्णय घेणं, तेही लाइन चालू असताना.

पालकांसाठी एक सूचना. एपॉक्सीचं काम मुलांच्या हाती देऊ नका. हार्डनर त्वचेला लागत राहिलं तर त्याची ॲलर्जी जडू शकते आणि ती सहसा जात नाही. मोठ्यांनीही नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, घासकाम ओलंच करावं. अल्कोहोलची बाटली उघडी असताना जवळ ज्योत नको. मुलांसाठी मिरपूड, पट्टी आणि रिबिनी पुरेशा आहेत. तीन प्रयोग दोन तासिकांत आरामात बसतात. पट्टी घासायला थोडा वेळ जातो, ती आदल्या दिवशी घरून घासून आणायला सांगा. आणि वर्गातल्या कोणाचे आई-बाबा पेंट शॉपला असतील तर त्यांची शिफ्ट आधी विचारून घ्या. आमच्याकडे ते रात्रपाळी संपवून थेट शाळेत आले होते, म्हणून तास पहिलाच ठेवला.