गोठ्यातला अभ्यास आणि लांबलेला ताप

गाभण जनावर तपासायला शिकणारा विद्यार्थी खांद्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा मोजा चढवतो, तो ओला-बुळबुळीत करून घेतो आणि खोड्यात उभ्या असलेल्या गायीच्या गुदाशयात हात घालतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. गर्भाशय कुठे, अंडाशय कुठे, दोन महिन्यांचा गर्भ बोटांना कसा लागतो, हे सारे स्पर्शाने ओळखायचे. सुरुवातीला शेणाखेरीज हाताला काही लागत नाही. त्या मानाने आम्ही माणसांचे डॉक्टर सुखी. आमचा रुग्ण कुठे दुखते ते सांगतो आणि सहसा लाथ मारत नाही.

मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही हे शिक्षण मिळते. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. ‘नीट’ देऊन आलेली शहरातली बरीच मुले-मुली इथे पहिल्यांदाच गोठ्यात पाय ठेवतात. त्यांच्या शिक्षणाची एक बाजू आमच्या ओपीडीत येऊन पोहोचते, ती म्हणजे ताप.

व्यायल्यानंतर गायीचा जार पडला नाही की तो हाताने काढण्याचा प्रघात आहे. गाय गाभडली असेल, तर त्या जारात आणि स्रावात ब्रुसेला नावाचे जंतू अतोनात असू शकतात. जनावरांमधल्या या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. माणसात हाच जंतू त्वचेवरच्या ओरखड्यातून, डोळ्यांतून, श्वासातून किंवा कच्च्या दुधातून शिरतो. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावरच्या सैनिकांच्या तापात तो शोधला. तो ताप शेळीच्या दुधातून येतो, हे कळायला आणखी अठरा वर्षे गेली.

जंतू शिरल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ताप सुरू होतो. तो चढतो-उतरतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर धरते, कशात लक्ष लागत नाही. मुलांमध्ये एखाद वेळी वृषण सुजते. विद्यार्थी वसतिगृहाजवळच्या दवाखान्यात जातो. विडाल तपासणी होते, टायफॉइड म्हणून पाच-सात दिवसांच्या गोळ्या मिळतात, थोडे बरे वाटते आणि पुन्हा ताप येतो. मग क्षयरोगाची शंका घेतली जाते. या सगळ्यात महिना-दीड महिना सहज जातो. खरे उपचार साधे आहेत : डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला रिफॅम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारखे औषध. डॉक्सिसायक्लिन मात्र किमान सहा आठवडे घ्यावेच लागते. मध्येच सोडले की आजार उलटतो. उशीर झाला तर मणक्याला आणि क्वचित हृदयाच्या झडपांनाही धक्का पोहोचतो.

यात लसीकरणाचीही एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचे तर. देशात २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस देतात. ही लस जिवंत जंतूंची असते. कालवड हिसका देते, सुई विद्यार्थ्याच्या बोटात जाते आणि तो बोट पुसून पुढच्या कालवडीकडे वळतो. असे झाले तर जागा साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साधारण तीन आठवड्यांच्या प्रतिबंधक गोळ्या लागतात. लस डोळ्यात उडाली तर जास्त. माज जुळवण्यासाठी देतात त्या प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनचेही तसेच. ते औषध त्वचेतून शरीरात जाते, म्हणून गर्भवतींनी आणि दमेकऱ्यांनी ते हाताळू नये.

रेबीजबद्दल तर मला मुळीच सवलत द्यावीशी वाटत नाही. पिसाळलेली म्हैस दरवेळी अंगावर धावून येत नाही. ती लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, आवाज बदलतो. घशात काही अडकले असेल म्हणून कुणीतरी तोंडात हात घालते. तो हात बहुधा शिकणाऱ्याचा असतो. जनावराला हात लावण्याआधीच, म्हणजे पहिल्या वर्षी, या मुलांनी रेबीजची लस घेतलेली असावी. आपल्याकडे ती शून्य, सात आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी अशी तीनदा देतात. नंतर कधी चावा किंवा लाळेचा संपर्क झाला, तर जखम धुऊन शून्य आणि तिसऱ्या दिवशी दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांची एवढी चळत मागतो, त्यात लसीचा एक कागद जड नाही.

पुस्तकात हे सगळे रोग आहेत. ही मुले झुनोटिक आजारांवर माझ्या इंटर्नपेक्षा चांगले उत्तर लिहितील. पण सवय लागते ती समोर पाहून. मोजा घातला की बोटांना कळत नाही, म्हणून अनुभवी डॉक्टर उघड्या हाताने जार काढतात आणि विद्यार्थी तेच उचलतो. गावात शेतकरी पाहत असताना मोजा, गॉगल, मास्क चढवणे त्याला भित्रेपणाचे वाटते. मोजा घालूनही बोटांना कळावे, हा सरावाचा भाग आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत निदानाइतकेच गुण त्याला हवेत.

आमच्या बाजूचे कामही थोडेच आहे. दोन आठवड्यांहून जुना ताप असेल तर केसपेपरवर रुग्णाचा व्यवसाय लिहावा. ‘विद्यार्थी’ एवढेच लिहून भागत नाही, कशाचा तेही विचारावे. आणि रक्त कल्चरला पाठवताना चिठ्ठीवर ‘ब्रुसेलाची शंका’ असे स्पष्ट लिहावे. हा जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे तंत्रज्ञ बाटली जास्त दिवस ठेवतील आणि सुरक्षित कपाटातच उघडतील. नाहीतर पुढचा ताप प्रयोगशाळेतून येतो.