महाविद्यालयीन समिती आणि प्रभावी गटसदस्य : एक विवेचन

प्रस्तावना :

आजच्या महाविद्यालयाचे बरेचसे कामकाज समित्यांमार्फत चालते. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, ग्रंथालय, राष्ट्रीय सेवा योजना, नॅकच्या निकषनिहाय समित्या अशा अनेक ठिकाणी एकच प्राध्यापक एकाच वेळी सदस्य असतो. नेतृत्वगुणांविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेक जण बहुतांश काळ नेते नसून सदस्यच असतात. म्हणून गटाचा प्रभावी सदस्य कोणास म्हणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गटकार्यातील मूळ अडचण :

फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना एकेकट्याने व गटाने दोर ओढावयास लावून त्यांचे बल मोजले. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार गटातील माणसे वाढत गेली तसतसा प्रत्येकाचा वाटा कमी होत गेला. आठ जणांच्या गटात तो सुमारे निम्म्यावर आला. याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे सर्वांचा जोर एकाच क्षणी लागत नाही आणि दुसरे म्हणजे इतर जण ओढत आहेत या भावनेने प्रत्येक जण थोडा हात आखडतो. १९७९ मध्ये बिब लाताने व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजविणे व ओरडणे यांवर प्रयोग करून दुसऱ्या कारणास पुष्टी दिली. आपल्या भाषेत यास अंगचोरपणा म्हणता येईल.

देवणी हे नाव येथील गोवंशामुळे दूरवर परिचित आहे. या भागातील शेतकऱ्यास ही गोष्ट प्रयोगाविना ठाऊक असते. जोडीतील एक बैल अंग चोरू लागला की जू तिरके होते, दुसऱ्याच्या मानेवर भार येतो आणि औत हाकणाऱ्याच्या ते तत्काळ ध्यानात येते. समितीत मात्र कोणाचा भार कोणावर पडला, हे दिसत नाही.

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे नमूद करणे उचित ठरेल. सहा सदस्यांच्या एका शिष्यवृत्ती समितीत लेखक सदस्य होता. अर्जांची छाननी 'सर्वांनी मिळून' करावी, असे ठरले. मुदत संपल्यावर काही अर्ज त्रुटींसह तसेच पडून राहिल्याचे आढळले. ते दुसऱ्या कोणी पाहिले असतील, असे प्रत्येकास वाटले होते. लेखकासही तसेच वाटले होते. सदस्यांपैकी कोणीही कामचुकार नव्हते. तरीही त्या वर्षाचे शुल्क भरण्याची वेळ मजुरी करणाऱ्या पालकांवर आली.

जलदूत : एक उदाहरण

याउलट उदाहरण लातूर जिल्ह्यानेच अनुभवले आहे. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराचा पाणीपुरवठा ठप्प होण्याची वेळ आली. तेव्हा मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतरावरील लातूरला रेल्वेने पाणी आणण्यात आले. राजस्थानातील कोटा येथे टाकीच्या वाघिणी वाफेने स्वच्छ करण्यात आल्या. १२ एप्रिल २०१६ रोजी १० वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पुढे ५० वाघिणींच्या गाड्यांमधून एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

या कामात वाघिणी धुणारे, मिरजेत पाणी भरणारे, गाडी चालविणारे, लातूरला पाणी उतरवून घेणारे, शुद्धीकरण करणारे व टँकरने वाटप करणारे असे निरनिराळे लोक होते. त्यांतील बहुतेकांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नव्हते. परंतु वाघीण नीट धुतली नसती, तर पुढील सर्वांचे श्रम व्यर्थ गेले असते. आपले काम पुढच्याच्या हाती वापरण्यायोग्य स्थितीत पोहोचले म्हणजेच ते पूर्ण झाले, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

प्रभावी सदस्याची लक्षणे :

वरील विवेचनावरून पुढील लक्षणे सांगता येतात.

१) आपला वाटा निश्चित करून घेणे : 'सर्वांनी मिळून' या शब्दांवर बैठक संपू देऊ नये. कोणते काम, कोणाकडे व कोणत्या दिनांकापर्यंत, हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. अध्यक्षांनी विचारले नाही, तर सदस्याने विचारावे.

२) पुढच्याची गरज जाणणे : माहिती गोळा करण्यापूर्वी ती कोणत्या नमुन्यात हवी आहे, हे ती वापरणाऱ्यास विचारावे. चुकीच्या नमुन्यातील शंभर पृष्ठे पुढच्याचे काम वाढवितात.

३) अडचण वेळीच सांगणे : काम होणार नाही, हे आठ दिवस आधी सांगणारा सदस्य गटास मार्ग शोधण्याची संधी देतो. शेवटच्या दिवशी दिलगिरी व्यक्त करणारा ती देत नाही. कनिष्ठ प्राध्यापकास ज्येष्ठांसमोर असे सांगण्याचा संकोच वाटतो. तो दूर करणे ज्येष्ठांचेही कर्तव्य आहे.

४) मतभेद बैठकीत, सहकार्य बाहेर : निर्णयापूर्वी आपला आक्षेप कारणांसह मांडावा. निर्णय झाल्यावर मात्र कामात हात आखडू नये.

५) इतरांच्या श्रमाचा उल्लेख करणे : अहवालात प्रत्येकाच्या कामाची नोंद व्हावी. यामुळे श्रेय मिळते, तसेच उत्तरदायित्वही स्पष्ट होते.

समारोप :

प्रभावी सदस्य होण्यासाठी असामान्य बुद्धिमत्ता अथवा वक्तृत्व लागतेच असे नाही. आपला वाटा ओळखून तो पुढच्याच्या हाती नीट सोपविण्याची सवय लागते. उपरोक्त शिष्यवृत्ती समितीत पुढील वर्षी अर्ज वर्गनिहाय वाटून देण्यात आले आणि प्रत्येक यादीवर एका सदस्याची स्वाक्षरी घेण्यात आली. सदस्य तेच होते, कामही तेवढेच होते. परंतु त्या वर्षी एकही अर्ज पडून राहिला नाही. ग्रामीण महाविद्यालयात समितीच्या प्रत्येक कागदामागे एक विद्यार्थी असतो, याचे भान ठेवल्यास ही सवय लावून घेणे कठीण नाही.